आत डोकावू नये

वर्धा,
शनिवार, २४ जानेवारी २०२६

चि. दुर्गेशराव यांस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालते, कारण मोबाईलवर अंगठा उठवण्याइतकी ताकद तुमच्यात आहे हे मला रोज दिसतं.

आता कामाचं.

रविवार, १८ जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, रामबाईच्या अंगणात, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, तुमच्या वेबसाइटनं एका म्हाताऱ्या बाईचा अपमान केला. तो अपमान माझ्या हातातल्या फोनवरून झाला. म्हणून तक्रार मी करते आहे.

यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. तरीही सगळं सुरुवातीपासून लिहिते. मी पोस्टात हयात घालवली, लोकांच्या तक्रारी वाचल्या आणि वेळ आल्यावर स्वतःही केल्या. तक्रार अर्धवट लिहिली की समोरचा म्हणतो, हे आमच्या निदर्शनास आलं नव्हतं. तुम्हाला ती सोय मी ठेवणार नाही.

तर, जामला एसटीतून उतरून ऑटोनं आत गेलं की रामबाईचं पोड लागतं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, हे तुमच्या पुण्यातल्या लोकांना सांगावं लागतं, तुम्हाला नाही. तुम्ही तिथं जेवला आहात. माझ्या मुलीनं, म्हणजे तुमच्या बायकोनं, सात वर्षं त्या पोडात जाऊन रामबाईची कोलामी गाणी आणि गोष्टी रेकॉर्ड केल्या. लग्नाआधीही केल्या, लग्नानंतर पुण्याहून येऊनही केल्या. माझ्याकडे दोन दिवस राहायची आणि रामबाईकडे चार. मी बोलून दाखवलं तर म्हणायची, तू कुठं गाणं म्हणतेस? ते सगळं तुम्ही वेबसाइटवर चढवलंत. ज्या कुणाला ऐकायचं त्यानं नावावर बोट ठेवायचं आणि गाणं वाजायचं. फुकट. तिच्या हयातीत तसं चाललं, ती गेल्यावर दोन वर्षंही चाललं. ते तुम्ही चालू ठेवलंत हे मी नाकारत नाही.

गेल्या दिवाळीनंतर रामबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. डोळे तसेच आहेत, माणसाला तोलून घेणारे. पण तोंडातून एखादा शब्द येतो, तोही वाकडा.

त्या घरची एक रीत आहे. बाकीच्या पोडांत आहे की नाही मला ठाऊक नाही, मी रामबाईच्या घराचं सांगते. मुलीचं लग्न ठरलं की आजी एक गाणं म्हणते. त्या घरातून आजवर ज्या ज्या मुली लग्न होऊन गेल्या त्यांची नावं त्यात येतात, कोण कुठल्या गावाला गेली ते येतं, आणि शेवटी नव्या मुलीचं नाव जोडलं जातं. साखरपुड्याला एकदा आणि लग्नाच्या दिवशी मुलगी उंबरा ओलांडताना एकदा. ते सगळं गाणं फक्त रामबाईला येतं. सून लवकर गेली. नातीला, म्हणजे रीनाला, निम्मंच येतं. ती हिंगणघाटला नर्सिंग शिकत होती.

रीनाचं लग्न २२ फेब्रुवारीला आहे. घरातल्यांनी ठरवलं की गाणं फोनवरून लावायचं, रामबाईच्याच आवाजातलं. ते संपलं की रीनाचं नाव तेवढं रामबाईनं स्वतःच्या तोंडानं जोडायचं, जमेल तसं. महिनाभर ती म्हातारी ‘रीना’ एवढाच शब्द घोकत होती. जंगू, तिचा मुलगा, मला सांगत होता, “बाई, रात्रंदिवस एकच लावलं हाय. कोंबड्याइले बी रीना म्हनून राह्यली.”

१८ तारखेला साखरपुडा होता आणि गाणं लावायचा मान मला दिला होता. मी नवीन स्पीकर घेऊन गेले. वर्ध्यात दुकानदारासमोर वाजवून बघितलेला स्पीकर. जंगू म्हणाला, “लावा आता बाई, बुढी वाट पाहून राह्यली.” मी साइट उघडली, गाण्याच्या नावावर बोट ठेवलं.

फोनवर अक्षरं उमटली. अक्षरं म्हणजे काय, कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम, कुठल्या देशाची कोण जाणे टोपी घातलेली ए आणि ओ, खाली खाली खाली, संपेचना. स्पीकर गप्प. मी मागे जाऊन पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच. दुसरं गाणं, तिसरं गाणं, तेच. रीना हळूच म्हणाली, “नेट नसन बाई.” नेट होतं. नेट नसतं तर एवढा कचरा आला कुठून?

नवरदेवाचा मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. हिंगणघाटला राहतो, पँटीत शर्ट खोचतो, स्वतः कोलाम असून भाषा टाकून दिली आहे आणि त्याचा अभिमान बाळगतो. तो मोठ्यानं म्हणाला, “काहो जंगूभाऊ, तुमची कोलामी अशी लिवतेत का? तरीच आमाले समजत नाई!”

सगळा मांडव हसला. वाईट माणसं नव्हती, हसण्यासारखं होतं म्हणून हसली. जंगूही हसला, कारण मुलीच्या बापाला हसावंच लागतं. रामबाई हसली नाही. तिनं तोंड उघडलं होतं, शब्द तयार ठेवला होता. गाणं आलंच नाही म्हटल्यावर तिनं तो शब्द गिळला आणि डोळे मिटून घेतले. नंतर चहा आला तो घेतला नाही, मी हात धरला तो सोडवून घेतला. डाव्या हातानं. त्या हातात अजून भरपूर जोर आहे, एवढं मला कळलं.

हा झाला गुन्हा. आता तुमचं वर्तन.

त्याच दुपारी जामच्या स्टँडवरून मी तुम्हाला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला. संध्याकाळी उत्तर आलं की त्याच सकाळी नऊला साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली आहे, हलवताना फायली खराब झाल्या असतील, बघतो. मंगळवारी दुसरं उत्तर. ते इथं जसंच्या तसं उतरवून ठेवते: “आई, तपासलं. सगळ्या फायली करप्ट आहेत. जुना सर्व्हर आधीच बंद केला. साइट खाली घेतोय. नवीन सर्व्हरची मुदत १५ फेब्रुवारीपर्यंत आहे, त्यानंतर डिलीट होईल. सॉरी.” तेव्हापासून साइट उघडत नाही. मी लिहिलं, फायली चांगल्या आहेत, काही पुसू नका, फोन करा. त्यावर अंगठा आला. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अंगठा.

दुर्गेशराव, सॉरी हा शब्द मला नन लोकांनी शिकवला आहे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना सॉरी म्हणणाऱ्या मुलीला विचारायची, सॉरी फॉर व्हॉट? आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं लागायचं. मी तुम्हाला तेच विचारते आहे. कशाबद्दल सॉरी? फायली खराब झाल्या याबद्दल? त्या झालेल्या नाहीत.

मला कसं कळलं ते सांगते. साइटच्या तळाशी सर्व्हरवाल्या कंपनीचा ईमेल पत्ता होता. सोमवारी सकाळी मी त्यांना इंग्रजीतून तक्रार लिहिली. माझं इंग्रजी पत्र तुम्ही पाहिलेलं नाही. ते पाहून एकेकाळी नागपूरचे साहेब खुर्चीत सरळ बसायचे. दुपारीच उत्तर आलं की सेटिंग आम्ही बदलू शकत नाही, ते साइटच्या मालकाचं काम. पण फाइल ठीक दिसते, चूक लेबलमध्ये आहे. सोबत दोन ओळींचा तांत्रिक मजकूर. त्या दोन ओळी समजायला मला दीड दिवस लागला. इंटरनेटवर वाचलं, न कळलं ते पुन्हा वाचलं. वेळ होता, पेन्शन घेते.

मला आजवर वाटायचं की फायलीच्या नावाला जी शेपटी असते, जेपीजी, पीडीएफ, तुमच्या बाबतीत ओपस, ती बघून ब्राउझर ठरवतो की हे चित्र दाखवायचं, हे पान उघडायचं, हे गाणं वाजवायचं. तसं नाही. ब्राउझर शेपटीच्या भरवशावर चालत नाही. सर्व्हर फाइल पाठवताना तिच्याबरोबर एक लेबल पाठवतो: आत आवाज आहे. आत चित्र आहे. आत साधा मजकूर आहे. किंवा, आत काय आहे मला ठाऊक नाही, घरी नेऊन ठेवा. ब्राउझर त्या लेबलवर विश्वास ठेवतो आणि त्याप्रमाणे वागतो. वाजवतो, दाखवतो, छापतो किंवा नुसतं उतरवून घेतो.

हे वाचलं आणि मला हसू आलं. आमची टपालाची थैलीच की. थैलीला लेबल असतं. सॉर्टिंगला बसलेला माणूस थैली उघडून पत्रं वाचत नाही, लेबल बघतो आणि टाकतो. थैलीत पुलगावची पत्रं असली आणि लेबल बल्लारशाचं लावलं, तर ती बल्लारशाला जाणार. यात सॉर्टरचा दोष नाही, पत्रांचा तर नाहीच नाही. ज्यानं थैली बंद केली त्याचा दोष. पुलगावची पत्रं बल्लारशाला पोचली म्हणून आम्ही ती कधी जाळून टाकली नाहीत, दुर्गेशराव. लेबल बदललं आणि परत पाठवली.

तुमच्या जुन्या सर्व्हरच्या यादीत ओपस होतं. त्याला ठाऊक होतं की ही शेपटी दिसली की ‘आवाज’ असं लेबल लावायचं. नव्याच्या यादीत ओपस नाही, आणि यादीत नसेल त्याला ‘साधा मजकूर’ म्हणा, असं तिथं ठरलेलं आहे. म्हणून रामबाईचं गाणं मजकूर म्हणून गेलं आणि ब्राउझरनं ते इमानदारीत अक्षरांत छापलं.

एवढंही निभावलं असतं. लेबल संशयास्पद वाटलं तर ब्राउझर आतले सुरुवातीचे कण हुंगून बघतो, मजकूर दिसला नाही तर छापत बसत नाही, निदान फाइल उतरवून तरी देतो. पण तुम्ही तिथं आणखी एक सूचना घालून ठेवली आहे. इंग्रजीत तिचा अर्थ हुंगू नकोस असा होतो. मी जरा सभ्य शब्दांत लिहिते: आत डोकावू नये. लेबलवर जे आहे तेच खरं माना. ही सूचना सुरक्षेसाठी चांगली असते म्हणे. असेलही. चित्राचं लेबल लावून कुणी आत विष पाठवलं तर उपयोगी पडते. पण आत डोकावू नये असा हुकूम ज्याला द्यायचा असेल त्यानं लेबल तरी नीट लावावं की नाही?

फायली चांगल्या आहेत याचा पुरावा माझ्याकडे आहे. कंपनीवाल्यानं लिहिलं होतं, नावावर बोट दाबून धरा, उतरवून घ्या असा पर्याय येईल. मी मंगळवारी सकाळी यादीतली पहिली, म्हणजे सगळ्यात नवी फाइल उतरवून घेतली आणि फोनमधल्या गाणी वाजवायच्या ॲपमध्ये उघडली. ते ॲप लेबल विचारत नाही, आत बघतं. वाजली. स्वच्छ वाजली. दुसरी घेणार तेवढ्यात दूधवाला आला, मग शेजारची कांता आली, आणि मला वाटलं, घाई कशाला, लग्नाचं गाणं दुपारी निवांत उतरवून घेऊ. दुपारी तुमची सॉरी आली आणि साइट गेली.

म्हणजे आज स्थिती अशी आहे: माझ्याकडे एक फाइल आहे, ती नको ती. लग्नाचं गाणं आणि बाकी सगळं, सात वर्षांचं, तुमच्या सर्व्हरवर आहे आणि १५ फेब्रुवारीला तुम्ही ते पुसणार आहात. तिचा रेकॉर्डर चोरीला गेला, लॅपटॉप तुम्ही मोडीत दिलात. दुसरी प्रत जगात नाही. रामबाईचं तोंड बंद झालं आहे. तिच्या घरच्या मुलींची नावं आता तुमच्या हातात आहेत, आणि तुम्ही अंगठे उठवता.

चहा करून आले. आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

कांता तुम्हाला आठवत असेल, भिंतीपलीकडची. मंगळवारी संध्याकाळी ती पुन्हा आली तेव्हा मी साइट गेल्याचं बोलले. ती म्हणाली, “आता तुमाले सांगतो बाई, राग नका मानू. जवाई नवा संसार मांडून राह्यले न? मंग जुनं पुसतीनच. नव्या बायकोले कायले आवडन थे गानं-बिनं?”

मला बाहेर जायचं आहे असं सांगून मी तिला घराबाहेर काढली, पण तिचं वाक्य घरातच राहिलं. दोन दिवस मी तेच खरं मानलं. तुमचं लग्न ठरल्याचं मला नाचणगावहून, तुमच्या आईकडून कळलं; तुमच्याकडून कळलं नाही. लिहून ठेवते, माझी हरकत नाही. नव्हतीच. तुम्ही पस्तिशीतले आहात, एकट्यानं म्हातारं व्हावं असा कुठं कायदा आहे? मी लग्नाला येईन, आहेर करीन. साडी मात्र घेणार नाही, तुमच्या आईची साडीची निवड मला माहीत आहे. पण मंगळवारी आणि बुधवारी मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं नव्हतं.

मग गुरुवारी ती पहिली फाइल मी पुन्हा लावली. पुन्हा म्हणजे कितव्यांदा ते विचारू नका.

तुम्हाला ठाऊक आहे, तिची प्रत्येक फाइल सारखी सुरू होते. गाणं लगेच लागत नाही. आधी ती बोलते. तारीख सांगते, पोडाचं नाव सांगते, कोण कोण बसलं आहे ते सांगते, मध्येच कुणाला तरी कोलामीत काही म्हणते आणि बायका हसतात. मग म्हणते, म्हण आता आजी. मग गाणं. एकही फाइल अशी नाही की जिच्यात आधी आचल नाही.

नाव लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं गेलं. असू दे.

मी रोज सकाळी सात वाजता ती साइट उघडायची. दोन वर्षं. मला कोलामी येत नाही. रामबाईचं गाणं सुरू झालं की मी बंद करायची. मला तेवढीच तारीख ऐकायची असायची, आणि ते म्हण आता आजी. रामबाईसाठी भांडते आहे असं मी या पत्रात इथवर लिहीत आले, आणि तिच्यासाठी भांडतेच आहे. पण माझ्या सकाळी तुम्ही बंद केल्यात, हेही तक्रारीत नोंदवून घ्या.

तर गुरुवारी ते ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं. तुम्ही लिहिलंत, “तपासलं.” तुम्ही संगणकाचा माणूस. यातली कुठलीही एक फाइल तुम्ही स्वतःच्या मशीनवर उघडली असती तर ती वाजली असती, माझी वाजली तशी. लेबलची चूक माझ्यासारख्या बाईला दीड दिवसात कळते, तुम्हाला दीड मिनिटात कळली असती. म्हणजे तुम्ही तपासलं नाही. फायली हलवल्यात तेव्हाही एकसुद्धा वाजवून बघितली नाहीत. मी तक्रार केल्यावरही नाही. पडद्यावर कचरा दिसला, तुम्ही करप्ट म्हणालात आणि सुटलात.

तेरवीचा दिवस आठवतो का? जंगू आणि रामबाई आले होते. जेवणं चालू असताना जंगूनं त्याच्या फोनवर साइट उघडून एक रेकॉर्डिंग लावलं. त्याला वाटलं आपल्याला बरं वाटेल. आचलचा आवाज आला, तारीख सांगणारा. तुम्ही पान तसंच टाकून उठलात आणि अंगणात गेलात. मी खिडकीतून बघत होते. रेकॉर्डिंग संपेपर्यंत तुम्ही लोकांच्या चपला जोडीनं लावत होतात. सगळ्यांच्या. तेव्हा मला राग आला होता की घर भरलेलं असताना जावई असा निघून जातो. मी त्यावर लेबल लावलं: पळपुटा. आत डोकावले नाही.

तुम्ही दोन वर्षं पैसे भरून ती साइट चालवलीत आणि एकदाही आत गेला नाहीत. बरोबर ना? नव्या सर्व्हरवर सगळं हलवायचं, पण चालतं का ते बघायचं तर आधी ती बोलणार. म्हणून बघायचंच नाही. पुसायचं ठरवलंत तेही नव्या बायकोसाठी नाही. खराबच झालं असेल तर एकदाचं संपलं, असं वाटलं असेल तुम्हाला. मला असं वाटतं. मी चूक असेन तर तसं लिहा, पण पूर्ण वाक्यात.

हे कळलं म्हणून माझा राग उतरला असं समजू नका. राग वाढला आहे. तुम्हाला जे सोसवत नाही ते तुम्ही कचरा म्हणून फेकायला निघालात, आणि त्यात एका म्हातारीच्या घरच्या सगळ्या बायका फेकल्या जाणार आहेत. दुःख तुमचं आहे, मान्य. गाणं तुमचं नाही.

आणखी एक. काल मी पुन्हा पोडात गेले. रामबाईची समजूत काढायला गेले होते, ती काही निघाली नाही. तिनं तोंड भिंतीकडे केलं. निघताना रीना ऑटोपर्यंत सोडायला आली. म्हणाली, “बाई, तुमाले मालूम नाई का? त्या गान्यात ताईचं बी नाव हाय. ताईचं लगन झालं न, तवा आजीनं जोडलं. आमच्या घरातून गेलेली पोरगी म्हनून. आचल, पुन्याले गेली.”

मला माहीत नव्हतं. मी गाणं सुरू झालं की बंद करत होते ना.

तिनं कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं का? मला वाटतं तुम्हालाही नाही. एवढा मोठा मान देऊन ठेवला होता त्या घरानं आणि ती गप्प बसली, कारण मी म्हटलं असतं, आमच्या घरातून गेलीस की त्यांच्या? म्हटलंच असतं.

तर २२ फेब्रुवारीला रीना उंबरा ओलांडेल तेव्हा ते गाणं वाजलं पाहिजे, तिच्या आजीनं शेवटचा शब्द जोडला पाहिजे, आणि त्या हिंगणघाटच्या मामानं ऐकलं पाहिजे. त्याला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे.

तुम्ही काय करायचं ते लिहिते. पंधरा तारखेला काही पुसायचं नाही. सर्व्हरच्या यादीत एक ओळ घालायची, ओपस म्हणजे आवाज. कुठली ते कंपनीवाल्यानं लिहिलं आहे, त्याच्या ईमेलची छापील प्रत सोबत जोडली आहे. ती आत डोकावू नये वाली सूचना राहिली तरी चालेल, लेबल खरं असलं की तिचा त्रास नाही. मग साइट उघडायची.

आणि त्यानंतर तुम्ही यादीतली पहिली फाइल लावायची. बंद खोलीत लावा, हेडफोन लावून लावा, मला काही कळण्याचं कारण नाही. पण पहिल्यापासून लावायची. तारीख आणि पोडाचं नाव झाल्यावर, गाण्याच्या आधी, ती मराठीत एक वाक्य बोलते. त्यात तुमचं नाव आहे. कौतुक नाही, नावं ठेवते आहे, रामबाईजवळ नवऱ्याची तक्रार करते आहे, आणि मग दोघी हसतात. काय म्हणते ते मी लिहिणार नाही. मेसेजमध्ये नाही, फोनवर नाही, लग्नात भेटलात तरी सांगणार नाही. ते वाक्य मला तुमच्याकडून हवं आहे, तुमच्या हस्ताक्षरात, कागदावर, सही करून. त्यावरून मला कळेल की या वेळी तपासलं म्हणजे खरंच तपासलं.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. आमचं रजिस्टर त्यांनी त्यात विलीन करून टाकलं, त्यावरही एक पत्र लिहायचं आहे. पोच मागवली आहे, तेव्हा मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही. अंगठा चालणार नाही. उत्तर आलं नाही तर मी डबा बांधून पुण्याला येईन आणि तुमच्या ऑफिसात दारासमोरच्या खुर्चीवर बसेन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन की मी कोण आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत ते वाक्य लेखी माझ्या हातात पडलं पाहिजे.

आचलची आई,
आणि तुम्ही दुसरं लग्न केलंत तरी तुमची सासू,
कुमुदिनी भोयर